भूतबाधेचा बाजार आणि भूतदयेचा विसर

गळ्याभोवती पाद्र्याची पांढरी पट्टी लावलेला एक देखणा तरुण हातात क्रूस घेऊन उभा आहे. समोर खुर्चीला जखडलेली स्त्री किंचाळते आहे, अंग पिळवटते आहे. कॅमेऱ्याच्या मागे त्या तरुणाचा बालमित्र संगणकाच्या पडद्याकडे डोळे लावून बसला आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा क्षणाक्षणाला वाढतो आहे. या घटकेला हा तमाशा किती लोक पाहत आहेत, ते तो आकडा सांगतो. तरुणाला कोणत्याही चर्चने दीक्षा दिलेली नाही. स्त्री पैसे घेऊन आलेली नटी आहे. तिची बाधा खोटी, त्याचे मंत्र पाठ केलेले, धूर यंत्रातून सोडलेला. त्या खोलीत खरी असलेली वस्तू एकच, तो आकडा.

‘द क्लीन्सिंग अवर’ या अमेरिकी चित्रपटाचा हा प्रारंभ आहे. डेमियन लेव्हेक या दिग्दर्शकाने २०१६ साली याच नावाचा लघुपट केला होता. त्याचा विस्तार करून २०१९ मध्ये हा पूर्ण लांबीचा चित्रपट तयार झाला आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भयपटांना वाहिलेल्या ‘शडर’ या ओटीटी मंचावर आला. कथा साधी आहे. भूतबाधा उतरवण्याचे बनावट प्रयोग इंटरनेटवरून थेट दाखवून दोन मित्र पोट भरत आहेत. एके दिवशी ठरलेली नटी येत नाही, म्हणून मित्राच्या वाग्दत्त वधूलाच खुर्चीवर बसवले जाते आणि तिला खरोखरच बाधा होते. तिच्या तोंडून बोलणारे पिशाच्च त्या खोट्या धर्मगुरूपुढे एकच अट ठेवते, की ‘हे जे लोक पाहत आहेत, त्यांना खरे काय ते सांग’. सत्य सांगितले तर धंदा बुडतो आणि न सांगितले तर त्या तरुणीचे प्राण जातात. या ओढाताणीत सारा चित्रपट घडतो आणि तो घडत असताना तो आकडा फुगतच जातो. एक स्त्री मरणाच्या दारात आहे हे दिसत असूनही पाहणारे पाहतच राहतात.

भयाला उपहासाची फोडणी देणाऱ्या अशा अल्पखर्ची चित्रपटांची तिकडे आता एक जातच निर्माण झाली आहे. जोसेफ आणि व्हनेसा विंटर या दांपत्याने दिग्दर्शित केलेला ‘डेडस्ट्रीम’ (२०२२) हा त्यातला उघडउघड विनोदी नमुना. यातला शॉन हा मूर्ख धाडसांचे चित्रण विकून पैसे मिळवणारा तरुण. एका निर्लज्ज प्रकारामुळे तो बदनाम झाला आहे आणि प्रायोजक त्याला सोडून गेले आहेत. गेलेली पत परत मिळवण्यासाठी तो एका पछाडलेल्या घरात एकट्याने रात्र काढण्याचा विडा उचलतो आणि ऐनवेळी भ्यालो तरी पळता येऊ नये म्हणून स्वतःच्याच मोटारीचे स्पार्क प्लग काढून अंधारात भिरकावून देतो. पुढे प्राण कंठाशी येतात, तरी गृहस्थाची नजर पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रियांवरून हलत नाही. प्रेक्षक पोट धरधरून हसतो. हसता हसता त्याच्या लक्षात यावे अशी अपेक्षा आहे, की शॉनला पछाडणारे भूत त्या घरात शिरण्याच्या पुष्कळ आधीपासून त्याच्या मानेवर बसलेले होते.

मोजकी पात्रे, एखादे घर, एखादी खोली आणि थोडा रंग एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले हे चित्रपट कलाकृती म्हणून थोर आहेत, असा कोणाचाच दावा नाही. त्यांतला रक्तपात आणि शिवराळपणा पाहता ते कुटुंबासह बसून पाहण्याजोगेही नाहीत. परंतु त्यांनी जो आरोप केला आहे, तो बाजूला सारता येत नाही. धर्म हे जेव्हा प्रदर्शनाचे साहित्य होते आणि दुःखी माणूस जेव्हा त्या प्रदर्शनातली वस्तू होतो, तेव्हा ढोंगी मांत्रिकाइतकाच घरबसल्या पाहणाराही अपराधी ठरतो, असा तो आरोप आहे. आणि त्याचा पत्ता केवळ अमेरिकेचा नाही.

पडद्यावरून घराघरांत

‘चित्रपटच तो, हसावे आणि विसरावे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी इतिहास चाळावा. १९७३ साली ‘द एक्झॉर्सिस्ट’ प्रदर्शित झाला. विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या १९७१ च्या कादंबरीवर विल्यम फ्रीडकिन यांनी तो दिग्दर्शित केला होता आणि त्याला दोन ऑस्करही मिळाली. विज्ञानाच्या शिखरावर असल्याचा डिंडिम पिटणाऱ्या, चार वर्षांपूर्वी चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या त्या देशात या चित्रपटानंतर काय झाले? भूतबाधा उतरवून घेणाऱ्यांची रांग लागली. मायकेल कुनिओ या समाजशास्त्रज्ञाने २००१ साली ‘अमेरिकन एक्झॉर्सिझम’ हे पुस्तकच त्यावर लिहिले. अडगळीत गेलेल्या या विधीला अमेरिकेत पुन्हा मागणी आली, त्यात मनोरंजनाच्या धंद्याचा वाटा केवढा मोठा होता, हे त्यात सविस्तर आले आहे. पडद्याने भूत दाखवले, भिणाऱ्याने ते घरी नेले आणि उतरवणाऱ्याने दुकान थाटले, असा हा क्रम आहे.

या क्रमात कोणाचा बळी जातो, ते जर्मनीने पाहिले आहे. बव्हेरियातील क्लिंगेनबर्ग गावची ॲनेलिझ मिशेल ही महाविद्यालयात शिकणारी मुलगी. तिला अपस्माराचे झटके येत. निदान झाले होते, औषधेही चालू होती. पुढे तिला विचित्र चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. श्रद्धाळू घराने वैद्याचा हात सोडला आणि पाद्र्याचा धरला. बिशपच्या रीतसर परवानगीने १९७५ आणि १९७६ या दोन वर्षांत मिळून दहा महिन्यांत तब्बल ६७ वेळा तिच्यावर पिशाच्च काढण्याचा विधी झाला. १ जुलै १९७६ रोजी ती गेली, तेव्हा तिचे वय २३ होते आणि वजन जेमतेम ३० किलो. कुपोषण आणि शरीरातले पाणी आटणे हे मृत्यूचे कारण शवविच्छेदनात निघाले. १९७८ साली न्यायालयाने तिच्या आईवडिलांना आणि दोन्ही पाद्र्यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा झाली सहा महिन्यांची, तीही स्थगित.

या प्रकरणातली एक गोष्ट आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. त्या विधींचे ध्वनिमुद्रण केले जात होते. त्या मुलीच्या किंकाळ्या टेपवर साठवल्या जात होत्या. न्यायालयात त्या पुरावा म्हणून वाजवल्या गेल्या आणि आज त्यांचेच तुकडे यूट्यूबवर करमणूक म्हणून ऐकले जातात. उपाशी मरत असलेल्या मुलीचा आर्त स्वर रात्री दिवा मालवून मजेने ऐकणारा, आणि ‘द क्लीन्सिंग अवर’मधला तो फुगणारा आकडा, यांत अंतर किती? १९७६ मध्ये इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करता येत नव्हते, एवढेच.

असे प्रकार जुन्या काळाबरोबर संपले, हेही समाधान करून घेता येत नाही. २००५ च्या जून महिन्यात रुमानियातील टानाकू गावच्या मठात २३ वर्षांच्या एका जोगिणीला सैतान लागल्याच्या समजुतीने क्रूसाला बांधण्यात आले, तोंडात बोळा कोंबण्यात आला, उपाशी ठेवण्यात आले. तिला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान आधीच झालेले होते. ती मेली. मठाच्या धर्मगुरूला पुढे कारावास झाला. युरोपच्या भूमीवर, एकविसाव्या शतकात घडलेली ही घटना आहे.

नियम कागदावर, धंदा पडद्यावर

येथे चर्चची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. स्थानिक बिशपच्या स्पष्ट अनुमतीवाचून कोणीही हा विधी करू नये, असे कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७२ वे कलम सांगते. १९९९ साली व्हॅटिकनने विधीची सुधारित संहिता प्रसिद्ध केली. माणूस आजारी तर नाही ना, याची आधी खात्री करावी, विधीचा तमाशा होऊ देऊ नये आणि प्रसारमाध्यमांना तेथे प्रवेश नसावा, असे तिने बजावले आहे. म्हणजे ज्या कृत्याचा या चित्रपटांनी उपहास केला, ते चर्चच्या स्वतःच्या नियमानेच निषिद्ध आहे. ही गोष्ट त्यांच्या खाती जमा धरली पाहिजे.

पण प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. ॲनेलिझच्या बाबतीत बिशपची परवानगी होती; नियम पाळला गेला आणि मुलगी मेली. परवानगी म्हणजे उपचार नव्हे, हा धडा त्यानंतर तरी मिळायला हवा होता. प्रत्यक्षात २००५ पासून रोममधील ‘रेजिना अपोस्टोलोरम’ या विद्यापीठात भूतबाधा उतरवण्याचा अभ्यासक्रम चालवला जाऊ लागला आणि २०१४ साली अशा धर्मगुरूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला व्हॅटिकनची मान्यता मिळाली. भारतातल्या गावगाड्यातला भगत दिसला की नाक मुरडणाऱ्या आणि हिंदू समाजाला ‘सापगारुड्यांचा देश’ म्हणून हिणवणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांनी रोमच्या या वर्गांवर कधी तेवढ्याच तिखटपणे लिहिल्याचे दिसत नाही. गावच्या देवऋषाने अंगारा लावला तर ती अडाणी अंधश्रद्धा आणि पदवीच्या झग्यातल्या विद्वानाने पवित्र पाणी शिंपडले तर ती प्राचीन परंपरा, हा न्याय ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे’ या जातीचा आहे.

शिवाय चर्चचे हे नियम ज्यांना लागूच नाहीत, अशा स्वतंत्र प्रचारकांचे पीक अमेरिकेत उदंड आहे. त्यांच्यावर कोणी बिशप नाही आणि कोणती संहिताही नाही. बॉब लार्सन या प्रचारकाने तर स्काइपवरून, शुल्क आकारून पिशाच्च काढण्याची सोय केली आणि २०१४ साली अमेरिकी वृत्तमाध्यमांनी ती जगाला दाखवली. बाधा झालेला एका शहरात, उतरवणारा दुसऱ्या शहरात आणि पैसे तिसऱ्या मार्गाने खात्यात! चित्रपटाच्या लेखकाला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागलीच नसेल. वास्तवच विडंबन होऊन समोर उभे होते.

या धंद्याचे अर्थशास्त्र समजून घेतल्याखेरीज त्याचा बीमोड करता येणार नाही. पूर्वीचा मांत्रिक एका घरातून कोंबडे आणि चार पैसे नेत असे. त्याची कमाई त्या घराच्या ऐपतीएवढी. थेट प्रक्षेपणात कमाई रोग्याच्या घरातून येत नाही; ती पाहणाऱ्यांकडून येते. जाहिराती पाहणाऱ्यांच्या संख्येवर मिळतात आणि २०१७ मध्ये यूट्यूबने ‘सुपर चॅट’ची सोय केल्यापासून प्रक्षेपण चालू असतानाच पैसे पाठवून स्वतःचा शेरा ठळकपणे झळकवता येतो. परिणाम काय, तर रोगी बरा होण्यात कोणालाच स्वारस्य उरत नाही. तो जितका अधिक तडफडेल, जितका अधिक ओरडेल, तितकी गर्दी मोठी. शांतपणे बरा होणारा रोगी या बाजारात कवडीमोल आहे.

तोच कॅमेरा भारतात

हे लोण भारतात पोहोचल्याला बराच काळ लोटला. ‘चंगाई सभा’ हा शब्द महाराष्ट्रातल्या शहरांना आणि वनवासी पाड्यांना आता अपरिचित नाही. पंजाबात बजिंदर सिंग या स्वयंघोषित ‘पैगंबरा’ने तर या सभांचा इंटरनेटवर केवढा तरी पसारा उभा केला. अशाच एका सभेत एक लहान मुलगा रडत रडत, आपली मुकी बहीण बोलू लागल्याचे मंचावरून सांगतो, ती चित्रफीत देशभर पसरली. शहरी तरुणाईने तिच्यावर विनोदी तुकडे बनवले, गाणी केली, लग्नाच्या वरातीत ती वाजवली. सारा देश हसला. त्या मुलाला तिथे कोणी उभे केले, त्या मुलीला खरोखर कशाची गरज होती आणि तिला कानाच्या किंवा वाचेच्या तज्ज्ञाकडे कोणी नेले का, हे विचारावे असे किती जणांना वाटले? या भयविनोदाला निर्मात्याची गरज पडली नाही. तो भारताच्या प्रेक्षकाने स्वतःच तयार केला आणि स्वतःच पाहिला.

हसण्याची किंमत कोणी मोजली, ते नंतर कळले. याच बजिंदर सिंगला २०१८ च्या एका बलात्कार प्रकरणात मोहालीच्या न्यायालयाने दोषी ठरवले आणि १ एप्रिल २०२५ रोजी जन्मठेप सुनावली. दाद मागणाऱ्या त्या स्त्रीने सात वर्षे लढा दिला. त्या सात वर्षांत त्याच्या सभा भरत राहिल्या, चित्रफिती पसरत राहिल्या आणि आकडा वाढत राहिला.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील काही कार्यकर्त्यांनी चंगाई सभांवरही बोट ठेवले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु एरवी जत्रेतल्या प्रत्येक अंगाऱ्यावर अग्रलेख लिहिणाऱ्या तथाकथित पुरोगामी लेखण्यांची शाई येथे नेमकी कशी वाळते? आजारी माणसाला ‘औषध सोड, प्रार्थना कर’ असे सांगणे हे धर्मस्वातंत्र्य नव्हे. चमत्काराने रोग बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे आणि तो कायदा जाहिरातदाराचा धर्म विचारत नाही. विचारूही नये. मग वृत्तपत्रांनी तो का विचारावा?

भगव्या वस्त्रातला दर्शकलोलुप

परंतु एवढे बोलून थांबले तर तो अर्धा विचार होईल, आणि अर्धा विचार हा लबाडीचा सख्खा भाऊ असतो. ‘त्यांच्याकडेही चालते, मग आमच्याकडेच बोट का?’ हा प्रश्न हिंदू समाजातल्या अनेकांच्या ओठावर असतो. हा युक्तिवाद दुबळ्यांचा आहे. दुसऱ्याच्या घराला आग लागली आहे, म्हणून स्वतःच्या छपरावरचा निखारा विझवायचा नाही, असे शहाणा गृहस्थ म्हणत नाही.

इंटरनेटवर चार बोटे फिरवली की कपाळभर गंध लावलेले, कॅमेऱ्याकडे तिरका डोळा ठेवून स्त्रियांचे केस धरणारे, त्यांना फरफटणारे, ‘कोण आहेस, बोल!’ म्हणून दरडावणारे महाभाग दिसतात. मागे देवाचे चित्र असते, खाली देणगीचा क्रमांक असतो. त्यांच्या वस्त्राचा रंग भगवा आहे म्हणून ते हिंदू धर्माचे प्रतिनिधी ठरत नाहीत. उलट त्या रंगाचा यापेक्षा मोठा अपमान कोणी विधर्मीही करणार नाही. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला एका अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. मोहालीचा निकाल ज्यांना आनंद देतो, त्यांनी जोधपूरचा निकालही तितक्याच स्वच्छ मनाने स्वीकारला पाहिजे. दोन्हीकडे सापळा श्रद्धेचा होता आणि दोन्हीकडे न्याय मागायला मुलीलाच उभे राहावे लागले.

हिंदू परंपरेत याचे शिक्षण नाही, असे म्हणण्याची तर सोयच नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘भूतविद्या’ हे एक अंग आहे, हे खरे. परंतु त्याच परंपरेतील चरकसंहिता निदानस्थानात उन्मादाची चर्चा संपवताना काय सांगते, ते पाहावे. देव, गंधर्व, पिशाच्च, राक्षस यांपैकी कोणीही माणसाला आपण होऊन पीडा देत नाही. प्रज्ञापराधातून, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या बुद्धीच्या चुकीतून उपजलेल्या व्याधीचा दोष शहाण्याने देवांना, पितरांना किंवा राक्षसांना देऊ नये, असा त्याचा आशय आहे. लगतच्या अध्यायात अपस्माराचा स्वतंत्र विचार आहे. क्लिंगेनबर्गच्या मुलीला जो रोग होता, त्याला व्याधी म्हणून ओळखणारा ग्रंथ या भूमीत शतकानुशतके वाचला जात होता. ज्या समाजाकडे हा वारसा आहे, त्याने फेफरे आलेल्या मुलीला मांत्रिकापुढे बसवावे, यासारखी शोकांतिका नाही.

महाराष्ट्राला तर याहून जवळचा आधार आहे. संत एकनाथांनी ‘भूत’ या विषयावर भारूड रचले. गावच्या झाडपाल्याची, झपाटण्याची भाषा घेतली, लोकांना हसवले आणि शेवटी ते भूत म्हणजे सर्वांभूती भरलेला परमेश्वरच असल्याचे उघड केले. हसता हसता भीती गळून पडावी आणि भक्ती उरावी, ही नाथांची किमया होती. आजचे थेट प्रक्षेपण नेमका उलटा प्रवास करते. ते भक्तीच्या नावाने बोलावते आणि भीती हाती देऊन पाठवते. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून नवसासायासांवर, देवापुढच्या पशुहत्येवर झाडू फिरवला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९३० च्या दशकात ‘किर्लोस्कर’ मासिकातून लिहिलेले विज्ञाननिष्ठ निबंध तर हिंदुत्वाच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलेले असावेत, अशी अपेक्षा आहे. सावरकरांचे छायाचित्र भिंतीवर आणि भोंदूची चित्रफीत खिशात, ही जोडी जमणारी नाही.

कायद्याचीही उणीव नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याच्या मसुद्यांवर वारकरी संप्रदायासह अनेकांनी वर्षानुवर्षे आक्षेप घेतले होते. लोकशाहीत ते घेतलेच पाहिजेत आणि त्यांचा उपयोगही झाला. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू होणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले. उरला तो भाग असा, की भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अशा कृत्याचा प्रचार आणि प्रसार करणेही त्याच कायद्याच्या कक्षेत येते. यातल्या कोणत्या कलमाने हिंदू धर्म बुडतो? आणि बुडत नसेल, तर कॅमेऱ्यासमोर हे सारे करणाऱ्याविरुद्ध, तो कोणत्याही पंथाचा असो, तक्रार नोंदवायला हिंदुत्वनिष्ठ कार्यकर्त्याने सर्वांत पुढे का असू नये?

अंगठ्याचे कर्तव्य

या प्रश्नाचे उत्तर सरकार, न्यायालय आणि पोलीस यांच्यावर सोपवून कुटुंबांना मोकळे होता येणार नाही. घरात एखाद्या सुनेला, मुलीला एकाएकी झटके येऊ लागतात, ती असंबद्ध बोलते, जेवण टाकते, रात्ररात्र जागते. पहिल्या आठवड्यात घर घाबरते, दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी शेजारीण एक पत्ता देते. याच वळणावर त्या मुलीचे आयुष्य ठरते. त्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठाम राहून तिला आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. जवळ डॉक्टर नसेल तर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. देवापुढे दिवा जरूर लावावा, रामरक्षा जरूर म्हणावी; त्याने घराला धीर येतो. पण गोळी चुकवू नये. श्रद्धा आणि औषध यांचे भांडण लावून देणारा माणूस, मग त्याच्या हातात क्रूस असो की मोरपिसांचा कुंचा, त्या घराचा शत्रू समजावा.

दुसरे कर्तव्य खिशातल्या मोबाइलचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. रुग्णालयातल्या रोग्याला जी अब्रू कायद्याने दिली, ती मठातल्या, सभेतल्या, दरबारातल्या रोग्याला समाजाने द्यायला हवी. घुमणाऱ्या, लोळणाऱ्या, ओरडणाऱ्या स्त्रीची चित्रफीत कुटुंबाच्या गटावर ‘बघा गंमत’ म्हणून पाठवणारा सज्जन त्या आकड्यात एकाची भर घालतो. निषेध म्हणून पुढे पाठवणाराही तेच करतो. यंत्राला हसू आणि संताप यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त मोजता येते. शाखेत, भजनी मंडळात, महिला मंडळात, सोसायटीच्या बैठकीत या एका गोष्टीची शपथ घेता येण्याजोगी आहे, की असे दृश्य दिसले तर ते पाहायचे नाही, पुढे पाठवायचे नाही आणि त्यात मारहाण दिसली तर पोलिसांना कळवायचे.

‘द क्लीन्सिंग अवर’च्या अखेरीस संकट त्या खोलीत मावत नाही, ते पाहणाऱ्यांपर्यंत येऊन पोहोचते. अमेरिकी दिग्दर्शकाला यापुढचे उत्तर सापडलेले नाही, आणि ते त्याच्याकडून अपेक्षितही नाही. ते उत्तर मराठी माणसाच्या बोलीतच आहे. या भाषेत ‘भूत’ म्हणजे केवळ पिशाच्च नव्हे. भूत म्हणजे प्राणिमात्र. त्या शब्दाला संतांनी ‘दया’ हा शब्द जोडून ठेवला आणि भूतदया हे धर्माचे लक्षण मानले. खुर्चीला बांधलेली, किंचाळणारी ती स्त्री आधी एक जीव आहे, कोणाची तरी लेक आहे. तिच्याकडे पाहून ज्याचा हात कॅमेऱ्याकडे जातो, त्याला बाधा झालेली आहे. ज्याचा हात तिच्या दोऱ्या सोडवण्यासाठी पुढे होतो, धर्म त्याच्या बाजूला उभा आहे.